घोडीची मान आखडली असेल, तर आधी तिचे पाय बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल.

वाघोलीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये तुमची नऊ वर्षांची मारवाडी घोडी आहे. लग्नसराईत वराती करता, एरवी मुलांना फेरी मारायला देता. पाच दिवसांपूर्वी शेजारच्या मैदानात फटाक्यांची माळ लागली. घोडी नायलॉनच्या मोरकीनं लोखंडी खांबाला बांधलेली होती. तिनं जीव खाऊन मागे ओढलं, मोरकीची कडी तुटली आणि ती मागच्या मागे बसून डाव्या कुशीवर पडली. लगेच उठली. दुसऱ्या दिवसापासून मान खाली नेत नाही. जमिनीवरचा कडबा तसाच राहतो, हातात धरला तर खाते. वळायचं झालं की मान न वळवता सगळं अंग वळवते. कानामागे मोरकीनं सोलवटलंय. कुणीतरी मेडिकलमधून आणून एक इंजेक्शन दिलं, दीड दिवस बरी वाटली, पुन्हा तेच. एक जण म्हणतो मणका सरकलाय, झटका देऊन बसवतो. दुसरा म्हणतो डाग द्या. आणि तुम्ही विचारताय, मान मोडली आहे का, आणि वरातीला कधी काढू.

मी पुण्यात घोड्यांवर उपचार करते त्याला सव्वीस वर्षं झाली. शर्यतीचे, शाळांमधले, वरातीचे आणि धनगरांची भीमथडी तट्टं, सगळे बघितलेत. तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण घोडी न बघता, नुसत्या वर्णनावरून मी त्यांच्या आधी दुसरे दोन प्रश्न विचारेन. हा धनुर्वात तर नाही ना? आणि मज्जारज्जूला धक्का बसलाय का? या दोन्हींची उत्तरं आज संध्याकाळच्या आत हवीत. हाड मोडलंय का, याचं उत्तर दोन दिवसांनी मिळालं तरी चालेल, कारण हाड मोडलेलं असो वा स्नायू ताणलेला असो, हे दोन दिवस करायचं काम एकच आहे.

धनुर्वाताचं आधी सांगते, कारण त्यात माझी स्वतःची चूक झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सासवडकडून फोन आला, घोडीची मान मुरगळली आहे, ताठ धरते. मी फोनवरच दुखण्याचं औषध सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेले तर कान ताठ, शेपूट जराशी उचललेली, चारही पाय लाकडी घोड्यासारखे फाकवून उभी. हनुवटीखाली हलकेच टिचकी मारली तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी सरकन बाहेर आली. पंधरा दिवसांपूर्वी खुरात खिळा गेला होता. मालकानं सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. ती घोडी वाचली नाही. तेव्हापासून आखडलेली मान ऐकली की माझा पहिला प्रश्न जखमेचा आणि लसीचा असतो.

तुमची घोडी पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आखडली. कानामागच्या जखमेचा धनुर्वात इतक्या लवकर होत नाही, त्यामुळे आत्ताचं आखडणं बहुधा माराचंच असणार. पण ती जखम आता पाच दिवसांची आहे, म्हणजे धनुर्वाताचा खरा काळ आत्ता सुरू होतोय. तो पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कधीही डोकं वर काढू शकतो. शिवाय खुरात किंवा पायावर एखादी जुनी जखम असेल तर हिशेब वेगळा. म्हणून आज चारही खूर उचलून बघा, तिसऱ्या पापणीची टिचकी मारून बघा आणि ती नेहमीसारखा चारा चावून खाते का ते बघा. गेल्या वर्षभरात धनुर्वाताची लस झाली नसेल तर डॉक्टरांकडून आजच टोचून घ्या. आयुष्यात कधीच झाली नसेल तर नुसत्या लसीनं लगेच संरक्षण मिळत नाही. सोबत तयार प्रतिविषही द्यावं लागतं, हे त्यांना मुद्दाम विचारा.

आता मज्जारज्जू. इथे थोडं शरीर समजून घ्यावं लागेल.

घोड्याच्या मानेत सात मणके असतात, माणसाच्या मानेत असतात तेवढेच. पण ते कुठे असतात याबद्दल मोठा गैरसमज आहे. लोक आयाळीखाली हात फिरवतात आणि म्हणतात, मणका लागतोय. आयाळीखाली हाड नसतंच. तिथे चरबी असते, आणि तिच्याखाली डोक्यापासून खोगिराच्या उंचवट्यापर्यंत गेलेला एक जाड, लवचिक दोर असतो. डोक्याचं वजन तो तोलून धरतो. मणक्यांची रांग कानामागे वरच्या बाजूला सुरू होते आणि नागमोडी वळण घेत मानेच्या खालच्या अंगाला उतरते. शेवटचे दोन मणके तर खांद्याच्या पुढच्या कडेजवळ, वीतभर मांसाच्या आड असतात. हाताला नीट लागतो तो पहिल्या मणक्याचा पंख, कानाच्या मागे, दोन्ही बाजूंना. तो सरकलेला नसतो, तो तिथेच असतो.

या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मागच्या पायांशी संबंध असलेले बरेच तंतू त्याच्या बाहेरच्या कडेनं जातात. म्हणून बाहेरून दाब आला, सूज असो, रक्त साकळलेलं असो की हाडाचा तुकडा, आधी मागचे पाय बोलतात आणि पुढच्या पायांपेक्षा जास्त बोलतात. मान फार दुखत असूनही मज्जारज्जू ठणठणीत असू शकतो, आणि मान फारशी दुखत नसताना मागचे पाय लडखडत असू शकतात. पहिला घोडा दिसायला भयंकर आणि बहुतेक वेळा बरा होणारा. दुसरा दिसायला बरा आणि खरा धोक्याचा. माझ्या सगळ्या उत्तराचं मूळ इथे आहे: मानेच्या दुखापतीचं गांभीर्य मानेत बघायचं नसतं, पायांत बघायचं असतं.

आज काय बघायचं ते सांगते. ताज्या दुखापतीत घोड्याला गोल गोल फिरवायचं नाही, उतारावर न्यायचं नाही, डोकं वर धरून चालवायचं नाही. या सगळ्या परीक्षा आम्ही करतो, पण हाड मोडलेलं नाही अशी खात्री वाटल्यावर. तुम्ही फक्त एवढं करा. घट्ट मातीवर, शहाबादी फरशीवर नाही, एक माणूस सैल दोरीनं तिला दहा पावलं सरळ चालवेल आणि परत आणेल. दुसरा माणूस मागून आणि बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढेल. धरणाऱ्यानं खांद्याजवळ चालायचं, पुढे उभं राहायचं नाही. तोल जाणारा घोडा अंगावर पडतो, त्यात त्याचा दोष नसतो.

व्हिडिओत मागचे खूर दर पावलाला एकाच रेषेत पडतात का ते बघा. एखादा पाय बाहेर फेकला जातो का, एक खूर दुसऱ्यावर पडतो का, खुराचं टोक जमिनीवर घासतं का? वळताना आतला मागचा पाय भुईला खिळल्यासारखा राहून अंग त्याच्याभोवती फिरतं का? उभी असताना पाय विचित्र फाकवते का, किंवा पाय आडवा पडला तरी तसाच राहू देते का? नालबंदालाही विचारा. मागच्या नालांची टोकं झिजलेली असतील आणि ती झीज जुनी असेल, तर हा आजार पाच दिवसांचा नाही, फटाक्यांनी तो फक्त उघडा पाडला.

लंगडणं आणि लडखडणं यांत फरक करायला शिका. लंगडणारा घोडा दर पावलाला तीच चूक करतो, कारण तोच पाय दुखतोय. लडखडणारा प्रत्येक पावलाला वेगळी चूक करतो, कारण आपला पाय कुठे आहे हे त्यालाच कळत नाही. हे मला कॉलेजात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या मोतद्दार मामांनी पागेत बसल्या बसल्या सांगितलं, आणि आजवर ते खोटं ठरलेलं नाही.

लडखडणं दिसलं, लघवी थेंबथेंब गळत असेल, शेपूट निर्जीव वाटत असेल किंवा ती आडवी पडून उठत नसेल, तर हे पुढचं वाचत बसू नका. आजच घोड्यांची सवय असलेल्या डॉक्टरांना तबेल्यात बोलवा. ओळखीचं कुणी नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. आणि अशा वेळी घसा अडकलाय का बघायला तोंडात हात घालू नका. लडखडणाऱ्या आणि गिळता न येणाऱ्या प्रत्येक जनावरात रेबीजचा विचार करावाच लागतो.

पाय स्वच्छ पडत असतील तर मात्र एक मोठा श्वास घ्या. मग प्रश्न उरतो तो दुखतंय नक्की कुठे, याचा.

त्यासाठी बादलीची परीक्षा करा. तिच्या आवडीचा दाणा मूठभर बादलीत घेऊन आधी छातीच्या उंचीवर धरा, मग गुडघ्याच्या, मग जमिनीवर ठेवा. कुठे थांबते ते लिहून ठेवा. मग गाजर घेऊन डाव्या खांद्याकडे आणि उजव्या खांद्याकडे किती वळते ते बघा. तोंड धरून वळवायचं नाही, ती आपणहून येईल तेवढंच मोजायचं. डावीकडे येते आणि उजवीकडे येत नाही, असा फरक असेल तर तो मला फार काही सांगतो. नुसती हो म्हटल्यासारखी मान हलत नसेल तर दुखणं बहुधा कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात. नाही म्हटल्यासारखी हलत नसेल तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यात. ओढून मागे पडणाऱ्या घोड्यांत मोरकीचा सगळा ताण कानामागे येतो, म्हणून हे दोन सांधे आणि तो जाड दोर कवटीला चिकटतो ती जागा मी आधी तपासते. मान खाली जात नाही पण बाजूला वळते, आणि एक पुढचा पाय आखूड पडतो, असं असेल तर माझं लक्ष खालच्या दोन-तीन मणक्यांकडे जातं. पुढच्या पायाच्या नसा तिथूनच निघतात. असे घोडे पायासाठी महिनोन्‌महिने औषध घेतात, नाल बदलतात, आणि दुखणं असतं मानेच्या बुंध्यात.

पडल्यावर डोक्याचा मागचा भाग आपटला होता का, हेही आठवा. नाकातून किंवा कानातून रक्त, डोकं एका बाजूला कलणं, ओठ एका बाजूला लोंबणं, यातलं काही दिसलं असेल तर तो मानेचा नाही, कवटीच्या तळाचा मार आहे. आणखी एक खूण घोड्यांत ठळक दिसते: मानेच्या आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला घाम, आणि त्या बाजूची पापणी खाली आलेली. त्याचा अर्थ मानेतून जाणाऱ्या एका नसेला इजा झालीय. भर दुपारी मोतद्दार त्याला उन्हाचा घाम समजतो.

मान खाली न नेण्याची कारणं माराशिवायही असतात, म्हणून ताप घ्याच. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ताप असेल तर चित्र बदलतं. जबड्याखाली गाठी सुजल्या, नाक वाहतंय आणि मान पुढे ताणून धरतेय, तर संसर्गाचा विचार. घोडी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, आणि नाकात व्रण किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर ग्लँडर्सची तपासणी कायद्यानंच करावी लागते, तो माणसालाही होतो. ताप येतो-जातो, घोडी खंगत चाललीय आणि मागचा भाग अशक्त झालाय, तर गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा. पावसाळ्यानंतर आपल्याकडे त्याचे रोगी दिसतात आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासल्याशिवाय तो नजरेतून सुटतो. आणि इंजेक्शन दिलेल्या जागी गरम, दुखरी गाठ असेल तर ते गळू. मानेतल्या गळवाचा पू खाली वाहून जायला वाट मिळत नाही, तो स्नायूंमध्ये पसरतो.

त्या इंजेक्शनबद्दल. त्याची बाटली किंवा पावती शोधा, नाव मला हवंच आहे, यात मागेपुढे करू नका. दोन दुखणं कमी करणारी औषधं एकत्र गेली तर घोड्याच्या पोटात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. पाणी कमी पिणाऱ्या घोड्यात तर लवकर. पुढच्या डॉक्टरांना आधी काय गेलंय हे माहीत नसेल तर ते नकळत दुसरं देतील. स्टिरॉइड गेलं असेल तर खुरांवर लक्ष ठेवावं लागतं. माणसांचं डायक्लोफेनॅक असेल तर ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक २०२३ पासून, कारण अशा जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडं मेली. शिवाय दीड दिवस ती बरी वाटली हीच माझी काळजी आहे. दुखणं हे तिचं स्वतःचं प्लास्टर आहे. हाडाला तडा असेल तर औषधाच्या जोरावर मारलेला एक झटका तो तडा सरकवू शकतो. याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. ती खाईल, झोपेल, एवढं आराम देणारं औषध हवं, ती उड्या मारेल एवढं नको. मात्रा वजनावर ठरते, ती तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची.

मान बसवून देतो म्हणणाऱ्याला कृपा करून हात लावू देऊ नका. त्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. काहींचा हात गाईगुरांच्या पायाला चांगला असतो. पण वर सांगितलं तसं मणके इतके खोल आहेत की झटक्यानं ते बसत नाहीत, आणि तडा असेल तर झटक्यानं तो मज्जारज्जूत जातो. दहा पावलं चालत आलेला घोडा अशा झटक्यानंतर कोसळलेला मी पाहिला आहे. डाग देणं आणि बिब्बा लावणं यांनी कातडी भाजते. नवं दुखणं जुन्यापेक्षा मोठं होतं, म्हणून घोडा जुनं विसरल्यासारखा वाटतो. शिवाय भाजलेल्या जागेवर पुढे सोनोग्राफी नीट होत नाही आणि तिथेच धनुर्वाताला नवी वाट मिळते.

एक्स-रे काढायचा का? माझं उत्तर: पाय लडखडत असतील तर हो, लगेच. पाय ठीक आहेत पण दहा दिवसांत बादली एक वीतही खाली गेली नाही, तर हो. मानेवर एके ठिकाणी बोट ठेवलं की दचकते, किंवा मान वाकडी दिसते, तरीही हो. रोज थोडी सुधारतेय तर मी थांबते. तबेल्यात येणारं छोटं मशीन वरच्या चार-पाच मणक्यांसाठी पुरतं. खालच्या दोनांसाठी जास्त ताकद लागते, तिथे घोडा मोठ्या केंद्रावर न्यावा लागतो. तुमच्या घोडीचं ओढणं कानामागे झालंय, म्हणून छोट्या मशीननं सुरुवात करणं योग्य. एक्स-रेला उभं करताना लोखंडी कडीची मोरकी काढून दोरीची घाला, कडीची सावली नेमकी पहिल्या मणक्यावर पडते. गुंगीचं औषध कमीत कमी द्यायला सांगा, कारण गुंगीत घोडा डोकं टाकतो आणि तोल जातो.

पहिल्या दहा दिवसांत मात्र तिला टेम्पोत चढवू नका, मशीन तिच्याकडे आणा. ब्रेक लागला की मान पुढे झोकांडते, आणि तेच आपल्याला टाळायचं आहे. पुढे गरज पडलीच तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. आधी फोन करून कोणती तपासणी शक्य आहे ते विचारा आणि मग निघा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सगळं स्वच्छ, असं नसतं. बारीक तडा पहिल्या दिवशी दिसत नाही, तीन आठवड्यांनी दिसतो. आणि मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही, फक्त त्याची नळी दिसते. दोन-तीन वर्षांच्या उंच, भरभर वाढलेल्या शर्यतीच्या शिंगरांत ती नळी जन्मतः किंवा वाढीत अरुंद असते. तिथे आम्ही नळीची उंची मणक्याच्या उंचीशी ताडून बघतो. मधल्या मणक्यांत हे गुणोत्तर ०.५२ च्या खाली गेलं की संशय बळावतो. तुमची घोडी नऊ वर्षांची मारवाडी आहे, मला तिच्यात हे अपेक्षित नाही. तिच्या वयात खालच्या सांध्यांचा संधिवात जास्त शक्य. तो निघालाच तर सोनोग्राफीत बघत सांध्यात औषध टोचता येतं आणि काही महिने चांगले जातात.

आता रोजची देखभाल. निम्मं बरं होणं यातच आहे, म्हणून सविस्तर.

तिला बांधू नका. वरातीचे घोडे आगाडी-पिछाडीत दिवसभर उभे असतात, पण मान दुखावलेल्या घोड्याला बांधणं म्हणजे दर मिनिटाला तीच दुखापत पुन्हा करणं. बंदिस्त ठाण नसेल तर मांडववाल्याकडून बांबू घेऊन बारा बाय बारा फुटांची चौकट उभी करा, खाली भाताचा पेंढा वीतभर जाड घाला. पेंढा ओला झाला की बदला, घसरणं परवडणार नाही.

चारा आणि पाणी आत्ता छातीच्या उंचीवर. पण कायमचं नाही. घोड्याचं डोकं सतत वर राहिलं की श्वासनळीतला कफ बाहेर वाहत नाही, आणि चोवीस तासांपेक्षा जास्त डोकं वर अडकलेल्या घोड्यांना फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून बादली दर तीन-चार दिवसांनी चार बोटं खाली आणा. ती थांबली तर तुम्हीही थांबा. कडबाकुट्टी आणि गवत दहा मिनिटं पाण्यात भिजवून द्या, म्हणजे धूळ आत जात नाही. खोकला, नाकातून पू किंवा ताप आला तर कळवा. हरभरा आणि ओट निम्म्याहून कमी करा. उभ्या घोड्याला कामाचा खुराक दिला तर पोटशूळ तरी होतो, नाहीतर पुन्हा कामाला लागताच स्नायू जखडतात. लीद रोज मोजा. एका दिवसात अचानक निम्मी झाली तर मान बाजूला ठेवा, पोट बघा.

पाच दिवस झाले आहेत, म्हणून बर्फाची वेळ गेली. कोमट पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर खरारा हलक्या हातानं करा, उलट केसांनी नको. जोराची मालिश पहिल्या पंधरा दिवसांत नको. कानामागची जखम मिठाच्या पाण्यानं धुवून उघडी ठेवा, माश्या बसू देऊ नका.

थोडक्यात, इथवरचं: धनुर्वात आज तपासा, पाय आज बघा, इंजेक्शनचं नाव शोधा, घोडी मोकळी ठेवा, झटका आणि डाग नको, एक्स-रेचा निर्णय दहा दिवसांच्या बादलीवर.

मग मान मोडली आहे का? पडून लगेच उठली, पाच दिवस उभी आहे, खातेय, आणि तुमच्या लिहिण्यात लडखडण्याचा उल्लेख नाही. यावरून माझा कल कानामागचे स्नायू आणि तो जाड दोर ताणला गेला याकडे आहे. पण हे ठाम सांगता येत नाही, आणि का ते ऐका. मुळशीकडच्या एका घोड्यानं कुंपणात डोकं अडकवलं होतं. पंधरा दिवसांत जवळजवळ बरा, मालकानं एक्स-रे नको म्हटलं, मीही फार आग्रह धरला नाही. सात आठवड्यांनी मागचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. तडा होता, तो भरला, पण भरताना नव्या हाडाची गाठ आतल्या बाजूला वाढून मज्जारज्जूवर आली. म्हणून आता पाय ठीक असले तरी सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात तोच दहा पावलांचा व्हिडिओ मी पुन्हा मागते. तुम्हीही आजचा व्हिडिओ जपून ठेवा, तुलनेला दुसरं काही उपयोगी पडत नाही.

नुसता ताण असेल तर तीन ते सहा आठवडे. तडा असेल आणि पाय ठीक असतील तर दोन-तीन महिने ठाणबंद, मग पुन्हा एक्स-रे, आणि असे बरेच घोडे चांगले होतात. मज्जारज्जूला इजा असेल तर सुधारणा सहा महिने, कधी वर्षभर चालू राहते, पण अशा घोड्यावर मी कुणालाही बसू देत नाही. तुमच्या घोडीवर नवरदेव बसतात, मुलं बसतात. तिचा तोल गेला तर तिच्याखाली कोण सापडेल याचा विचार करूनच मी हे लिहितेय. कमाई बुडते हे मला कळतं. लग्नसराईतला एक एक मुहूर्त म्हणजे घरचा महिना असतो. तरीही.

परत कामाला लावायची पायरी दिवसांवर नको, बादलीवर ठेवा. जमिनीवरचं गवत दोन्ही बाजूंना सहज खायला लागली की हातात धरून दहा मिनिटं चालवा. आठवडाभर ते नीट गेलं की वीस मिनिटं, मग जरा चढ-उतार. मग गाजराचा व्यायाम: खांद्यापर्यंत, बरगडीपर्यंत, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, प्रत्येकी तीन-चार वेळा, चालून अंग गरम झाल्यावर. त्यानंतर मोकळी दुडकी. पाठीवर माणूस सगळ्यात शेवटी, आणि सुरुवातीला सैल लगामानं.

वरातीत घोडीला नाचवताना लगाम आवळून मान उंच आणि आत वाकवून धरतात. मानेच्या खालच्या सांध्यांवर त्याचा किती भार येतो हे मी अशा घोड्यांची मान दाबून बघताना नेहमी अनुभवते, वयाच्या मानानं फार लवकर दुखऱ्या झालेल्या असतात. तुमची घोडी बरी झाली तरी तिला नाचवू नका. चालत्या वरातीला ती चालेल, नाचाचं काम तिच्याकडून घेऊ नका.

आणि खांबाचं. कडीत थेट दोर बांधू नका. कडीत आधी सुतळीचं एक वेटोळं घाला आणि दोर त्या वेटोळ्याला बांधा. घोडी घाबरून ओढेल तेव्हा सुतळी तुटेल, मान वाचेल. नायलॉनची मोरकी काढून सुती घ्या. दोर तिच्या खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर बांधा, गुडघ्याच्या उंचीला नाही, आणि पाय अडकेल एवढा लांब ठेवू नका. सुटलेली घोडी रस्त्यावर जाऊ नये म्हणून शेडचं फाटक बंद असलंच पाहिजे, हे या सुतळीइतकंच महत्त्वाचं.

आजचा ताप, दोन्ही बाजूंच्या गाजराचं माप, इंजेक्शनचं नाव आणि दहा पावलांचा व्हिडिओ, एवढं मिळालं की इथेच लिहा. पुढचं मी त्यावरून सांगेन.